अडाणी कोण : माणूस की वस्तू?

१ ऑक्टोबर २०२५ पासून 'यूपीआय'मधली एक सोय बंद झाली. एखाद्याकडे मोबाइलवरून पैशांची मागणी पाठवायची, समोरच्याने आपला गुप्त क्रमांक टाकून ती मान्य करायची आणि त्याच्या खात्यातली रक्कम मागणाऱ्याच्या खात्यात जायची, अशी ती सोय. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जुलै २०२५च्या अखेरीस पत्रक काढून व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा मागण्या थांबवायला बँकांना सांगितले. बातमी तांत्रिक वाटावी अशी होती, आणि बहुतेक घरांत ती वाचून पान उलटले गेले असेल. ज्या घरांतल्या कुणाचे पैसे या वाटेने गेले होते, तिथे मात्र ती थांबून वाचली गेली असणार.

फसवणुकीची तऱ्हा ठरलेली होती. घरातले जुने कपाट विकायला काढून जाहिरात दिली, की कुणीतरी फोन करी. घासाघीस न करता किंमत मान्य करी. 'पैसे लगेच पाठवतो, तुमच्या मोबाइलवर रक्कम दिसेल, पिन टाकलात की जमा होईल,' असे सांगे. पडद्यावर रक्कम खरोखरच येई. आकडाही ठरल्याप्रमाणे असे. पिन टाकला, की ती खात्यात येण्याऐवजी खात्यातून निघून जाई. बँका ग्राहकांना पुन्हापुन्हा कळवत राहिल्या की, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. सूचना खरी होती, तरी माणसे फसतच राहिली. आणि जो फसला, त्याच्याकडे घरच्यांनीही 'एवढे कसे कळले नाही?' अशा नजरेने पाहिले.

प्रश्न उलट बाजूने फारसा कुणी विचारला नाही. देणे आणि घेणे ही व्यवहाराची दोन टोके. किराणा दुकानातला पोऱ्याही त्यांत गल्लत करीत नाही. मग ही दोन टोके एकाच छोट्या पडद्यावर इतकी जवळ आणली कुणी, की चाळीस वर्षे हिशेब लिहिलेल्या माणसानेही चकावे? एखादी वस्तू वापरताना दहा माणसे एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर दोष दहाजणांच्या अकलेत शोधण्याऐवजी त्या वस्तूच्या घडणीत शोधायला हवा. २०२५ साली ती सोयच काढून टाकावी लागली, तेव्हा हेच आडवळणाने मान्य झाले. आज पैसा, मतदान, औषधपाणी, रेल्वेचे तिकीट असे सारे काही कुठल्या ना कुठल्या बटणामागे गेले आहे. अशा वेळी वस्तूचा सोपेपणा ही चैन राहत नाही. माणसाला आपले काम आपल्या हाताने करता येणार की नाही, हे त्यावर ठरते.

हाताला कळणारी नाणी

जुनी नाणी आठवून पाहा. पाच पैशांचे नाणे चौकोनी, कोपरे गोलसर केलेले. दहा पैशांचे नाणे नागमोडी कडेचे. वीस पैशांचे अॅल्युमिनियमचे नाणे षट्कोनी. नव्वदच्या दशकातले दोन रुपयांचे नाणे अकरा कोनांचे. बसच्या गर्दीत खिशात हात घातला, तरी न पाहता नेमके नाणे बोटांना लागत असे. अक्षरओळख नसलेली भाजीवाली आणि डोळ्यांनी न दिसणारा प्रवासी, दोघांनाही ती नाणी सारखीच कळत. कॅशिअरच्या काउंटरवर संध्याकाळी ढीग ओतला, की हात आपोआप वर्गवारी करू लागत. डोळे गप्पा मारायला मोकळे असत.

पुढे पोलादी गोल नाण्यांचा काळ आला. एक आणि दोन रुपयांची नाणी एकमेकांसारखी दिसू लागली, आणि काउंटरवर 'साहेब, हे एकाचं की दोनचं?' हा प्रश्न रोजचा झाला. दृष्टिहीनांची तर मोठीच अडचण झाली. मार्च २०१९मध्ये नव्या नाण्यांची मालिका आली, ती दृष्टिहीनांचा विचार करून आखली होती. तिच्यातले वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे आहे. जे शहाणपण आपल्या टांकसाळींपाशी १९६०च्या दशकातच होते, तिथे अर्धशतकाने आपण परत आलो.

घरात पाहिले तर असे शहाणपण जागोजाग सापडते. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन इतर दोन्हींपेक्षा लांब आणि जाड असते. त्यामुळे प्लग उलटा बसूच शकत नाही, आणि वीज पोचण्याआधी अर्थिंग जोडले जाते. आत बसणाऱ्या झाकणाच्या प्रेशर कुकरचेही तसेच. आतली वाफच झाकण वर दाबून धरते, म्हणून दाब उतरेपर्यंत ते निघत नाही. 'सावधान, वाफ आहे' अशी पाटी त्यावर चिकटवावी लागत नाही. जिथे वस्तूवर सूचनांच्या चिठ्ठ्या चिकटू लागतात, तिथे घडणीत काहीतरी राहून गेले आहे असे खुशाल समजावे. कचेरीच्या दारावर 'ढकला' असे लिहूनही लोक ते ओढतच असतील, तर बहुधा त्या दाराला ओढायची मूठ लावलेली असते. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. अशा फसव्या दारांना आता जगभर त्याचेच नाव पडले आहे.

हा विषय परदेशातून आला असे मात्र समजू नये. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य इथे हिंडले आणि १९५८ साली त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत मनापासून आवडला तो आपला साधा लोटा. तो कसा धरला जातो, डोक्यावर किंवा कमरेवर कसा तोलला जातो, त्यातून पाणी कसे पडते, आतून घासायला हात जातो का, या सगळ्यांचा विचार त्या आकारात पिढ्यानपिढ्या साठला आहे, हे त्यांनी ओळखले. लोटा वापरायचे शिकवणीवर्ग कुणी काढले नाहीत.

तीन जणांनी तपासले, तरीही

अवघड यंत्रांपुढे म्हातारी, खेड्यातली किंवा कमी शिकलेली माणसेच गोंधळतात, असा एक समज आहे. तो खोडून काढणारी गोष्ट बँकिंगच्या जगातच घडली.

ऑगस्ट २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या वतीने तिच्या धनकोंना व्याज पाठवायचे होते. रक्कम सुमारे ७८ लाख डॉलर. प्रत्यक्षात गेले सुमारे ८९ कोटी डॉलर. व्याजाबरोबर सगळे मुद्दलच निघून गेले, आणि तेही बँकेच्या स्वतःच्या पैशातून. ज्या संगणक-प्रणालीवर हे घडले ती फ्लेक्सक्यूब, मूळची भारतात तयार झालेली. मुद्दल बाहेर न पाठवता बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवायचे असेल, तर पडद्यावरच्या तीन वेगवेगळ्या चौकटी भराव्या लागत. त्यांपैकी एका चौकटीवर 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल असे लिहिलेले होते. उरलेल्या दोघींची नावे अशी, की मुद्दलाशी त्यांचा काही संबंध असेल अशी शंकाही येऊ नये. काम करणाऱ्याने 'मुद्दल' लिहिलेली चौकट भरली आणि काम झाले असे मानले. दुसऱ्याने तपासले. तिसऱ्याने मंजुरी दिली. तिघांनाही ते बरोबरच वाटले.

एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, हा बँकेतला पाया. लेजरच्या काळापासून आम्ही त्याच्या भरवशावर झोपलो. पण लिहिणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा हे तिघेही एकाच फसव्या खिडकीतून पाहत असतील, तर तिघांना एकच खोटे चित्र दिसणार. सह्या वाढवून ते खरे होत नाही. काही धनकोंनी मिळून सुमारे ५० कोटी डॉलर परत करायला नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि वरच्या न्यायालयाने तो फिरवेपर्यंत सप्टेंबर २०२२ उजाडला. जगातल्या एका बलाढ्य बँकेची, अनुभवी माणसांच्या हातून, नियम पाळूनही अशी अवस्था होत असेल, तर एटीएमपुढे थबकलेल्या आजीबाईंना हसण्याचा अधिकार कुणाला उरतो?

चार आकडे, एक निळे बटण

खुद्द एटीएमच्या इतिहासात या विचाराचे चांगले धडे आहेत. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळच्या एन्फिल्डमध्ये बार्कलेज बँकेच्या शाखेत पैसे देणारे यंत्र सुरू झाले. ते ज्यांच्या कल्पनेतून आले ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचे. गुप्त क्रमांक सहा आकडी ठेवावा असे त्यांच्या मनात होते. पत्नीला विचारले, तर ती म्हणाली की आपल्याला चारच आकडे लक्षात राहतील. ही हकिकत त्यांनीच सांगितली आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी विचारलेल्या त्या एका प्रश्नामुळे चार आकडी क्रमांकाचा पायंडा पडला असे मानतात. ज्याला वस्तू वापरायची आहे त्याला आधी विचारावे, हा सगळ्या चांगल्या घडणीचा पहिला नियम. आणि तो मोडायला सर्वांत सोपा.

दुसरा धडा कार्डाचा. पैसे हातात आले की माणसाच्या मनाने काम संपलेले असते. यंत्राने आधी पैसे दिले, तर कार्ड तिथेच विसरून तो निघून जातो. त्यावर 'कार्ड विसरू नका' अशा कितीही पाट्या लावा, उपयोग बेताचाच. म्हणून अनेक यंत्रांत क्रमच बदलला. आधी कार्ड घ्या, मग पैसे मिळतील. माणसाचा स्वभाव सुधारण्याच्या भानगडीत न पडता यंत्राचा स्वभाव सुधारला, आणि प्रश्न मिटला.

आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण मतदानाचे आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली गेली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावले गेले. मतपत्रिका आपल्या आवडीच्या पेटीत टाकली, की झाले. पुढे १९८२ साली केरळमधल्या परवूर मतदारसंघातल्या काही केंद्रांवर मतदान यंत्र पहिल्यांदा वापरले गेले. नंतर त्या यंत्राला आजचे रूप देण्यात पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्राचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात होता. यंत्राच्या विश्वासार्हतेबद्दल राजकीय पक्षांत जे वाद चालतात त्यांच्यात इथे शिरायचे नाही; ते वाद यंत्राच्या आत काय घडते याबद्दलचे आहेत. मतदाराच्या बाजूने पाहिले, तर नाव, चिन्ह आणि त्यासमोर एक निळे बटण. दाबले की तांबडा दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. दुसऱ्यांदा दाबले तर काही होत नाही. दृष्टिहीनांसाठी बाजूला ब्रेल आकडे आहेत. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ६४ कोटींहून अधिक लोकांनी मतदान केले. त्यांतल्या बहुतेकांना त्यासाठी नातवाला हाक मारावी लागली नाही. ज्या देशाला हे जमले, त्या देशात बँकेचे अॅप सोपे करणे अशक्य आहे, हे ऐकून घेण्याचे कारण नाही.

अवघडपणा कुणाच्या सोयीचा?

मग वस्तू अवघड का होत जातात? पहिले कारण विक्रीचे. दुकानात दोन एअर कंडिशनर शेजारी ठेवले, तर ज्याच्या रिमोटवर बटणे जास्त तो जास्त कामाचा वाटतो. घरी आल्यावर चालू-बंद आणि तापमान एवढ्याच बटणांवर आयुष्य निघते. काही घरांत रिमोटच्या दोन बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिसतील. वापरणाऱ्याने स्वतः केलेली ती दुरुस्ती असते. कारखान्याला जे सुचायला हवे होते, ते घरातल्या सुनेला सुचले.

दुसरे कारण बचतीचे. दहा बटणे बनवून बसवण्यापेक्षा काचेचा एक पडदा लावणे कंपनीला सोयीचे. नव्या मोटारींत गाणी, पंखा, कधीकधी वायपरसुद्धा त्या काचेत गेले. पण खटका बोटाला न पाहता सापडतो. काचेवरचे चित्र पाहिल्याशिवाय सापडत नाही, आणि तेवढ्या वेळात रस्त्यावरची नजर ढळते. ऑगस्ट २०१७ मध्ये 'जॉन एस. मॅकेन' या अमेरिकन युद्धनौकेची सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा नौसैनिक मरण पावले. सुकाणू आणि वेग यांची सूत्रे स्पर्शपडद्यावरून एका जागेवरून दुसऱ्या जागी देताना गोंधळ झाला होता, आणि सुकाणू हातचे गेले असेच खलाशांना वाटले. प्रशिक्षणही अपुरे होतेच. पण त्यानंतर अमेरिकन नौदलाने वेगाच्या नियंत्रणासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवायचे ठरवले. मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या 'युरो एनकॅप' या युरोपीय संस्थेनेही २०२६ पासून सर्वोच्च गुण हवे असतील तर वळणाचे दिवे, वायपर, हॉर्न यांना खरीखुरी बटणे असावीत असे ठरवले आहे.

तिसरे कारण भाषेचे. मराठी पर्याय निवडला की पडद्यावर 'आहरण', 'प्राधिकृत करा' असे शब्द उमटतात, आणि आयुष्यभर बँकेत पैसे 'काढणारा' माणूस निमूटपणे इंग्रजीकडे वळतो. शाखेत पैसे काढायची स्लिप एका रंगाची आणि भरायची दुसऱ्या रंगाची असे. शिपाई नुसता रंग सांगे आणि माणसाला कळे. कादंबरी लिहिताना वाचक एखाद्या वाक्यापाशी अडला, तर लेखकाला ते वाक्य पुन्हा लिहावे लागते. वाचकाला शिकवणी लावा असे सांगता येत नाही. पडद्यावरची वाक्ये लिहिणाऱ्यांना ही शिस्त कुणी लावलेली दिसत नाही.

चौथे कारण सर्वांत वाईट. काही अवघडपणा मुद्दाम केलेला असतो. सभासद व्हायला एक बटण, सभासदत्व सोडायला सात पायऱ्या. तिकिटाच्या बिलात न मागितलेला विमा हळूच येऊन बसलेला. 'शेवटची दोनच उरली' अशी खोटी घाई. यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात, आणि केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून असे तेरा प्रकार अनुचित ठरवले. जून २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले. चोराने स्वतःची झडती घेण्यासारखे ते वाटेल. पण वस्तूच्या घडणीत लबाडी असू शकते हे कायद्याच्या भाषेत आले, ही गोष्ट लहान नाही.

डोळे मिचकावता न येणाऱ्यांचे काय?

सोपेपणाचा प्रश्न सोयीपुरता राहत नाही, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या ३० एप्रिल २०२५च्या निकालात आहे. बँकेत खाते उघडताना किंवा मोबाइलचे सिम घेताना आपण जिवंत माणूस आहोत हे पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटायला सांगतात. अॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे होरपळलेल्या स्त्रियांना ते शक्य नव्हते. यंत्राच्या लेखी त्या जिवंत ठरत नव्हत्या. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ही पद्धत सर्वांना वापरता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले.

हे उदाहरण टोकाचे वाटेल. पण ज्यांची नजर मंदावली, ज्यांच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजले, ज्यांचा हात कापतो, त्यांना अशी दारे रोजच बंद दिसतात. ओटीपीचे आकडे एका ठिकाणी वाचून दुसऱ्या ठिकाणी भरेपर्यंत वेळ संपते. मग माणूस नातवाला पिन सांगतो, शेजाऱ्याला सांगतो, दुकानदारालाही सांगतो. सुरक्षिततेसाठी उभा केलेला अवघडपणा शेवटी त्याच सुरक्षिततेचा बळी घेतो. आणि आणखी एक गोष्ट जाते, जी कुठल्याही तक्रार-अर्जात लिहिता येत नाही. आपल्या पैशाचा व्यवहार आपण स्वतः, कुणाला न सांगता करू शकतो, हा मान जातो. विधवा बायका पासबुक पदराखाली धरून काउंटरवर येत, शिल्लक हळू आवाजात विचारत आणि मुलाला सांगू नका म्हणत. त्या काउंटरची जागा घेणाऱ्या यंत्राने त्यांचे हे गुपितही सांभाळायला हवे.

सोपे काय, अवघड काय

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळेच सोपे केले, तर पैसे जाणेही सोपे होईल. मागणीची ती सोय सोपीच होती की! म्हणून सोपेपणा म्हणजे पायऱ्या कमी करणे, एवढाच अर्थ घेऊन चालणार नाही. कुकरचे झाकण वाफ असताना उघडत नाही, ते अवघडच केलेले आहे. पण योग्य जागी. रोजचे, उलटवता येणारे काम सहज व्हावे. जे एकदा झाले की परतत नाही, तिथे यंत्राने माणसाला क्षणभर अडवावे आणि त्याच्या भाषेत सांगावे : तुमच्या खात्यातून एवढे पैसे जात आहेत. ही तारतम्याची गोष्ट चांगल्या कॅशिअरला न शिकवता कळे. शंभर रुपये तो बोलता बोलता देई. मोठी रक्कम काढणाऱ्या वृद्धाला मात्र 'काका, बरोबर कुणी आहे ना?' असे विचारी.

तो प्रश्न यंत्रात कसा घालायचा, हे घडवणाऱ्यांनी पाहावे. त्यासाठी बाजारात आणण्याआधी वस्तू साठीच्या बाईच्या, चष्मा विसरलेल्या माणसाच्या, मराठी सोडून दुसरे न वाचणाऱ्याच्या हातात देऊन, स्वतः गप्प बसून पाहावे लागते. खर्च फार नाही. मान खाली घालावी लागते इतकेच. सरकारी खाती आणि बँका अशी अॅप विकत घेतात, तेव्हा ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याची अट करारात घालता येईल.

आणि आपल्यापुरते बोलायचे, तर घरात आई फोनचा पडदा दूर धरून, कपाळाला आठ्या घालून उभी असेल, तेव्हा 'दे इकडे, तुला नाही जमायचं' असे म्हणून तो तिच्या हातातून घेण्यापूर्वी एकदा नीट पाहावे. ती नेमकी कुठे अडली आहे? तिथे लिहिले काय आहे? आपण स्वतः ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा आपल्याला तरी कळले होते का? उत्तर मिळाले, की तक्रार तिच्याकडे न करता जिथे करायची तिथे करावी. ग्राहक म्हणून तो आपला अधिकार आहे.